धक्क्यावरची विद्या

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. मालेगावच्या बाजूनं उत्तरेला उतरणारी काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा फेरा घेऊन बंगालच्या उपसागरात पोचतं. जिल्ह्याचा समुद्राशी थेट संबंध म्हणाल तर एवढाच. मुंबईचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास. नदीवर दिसलाच तर भोयांचा डोंगा दिसतो. त्याला ना शीड, ना इंजिन. अशा मुलखातल्या वाचकाला समोर धरून जुनी शिडाची बोट, तिच्या पोटातलं डिझेल इंजिन आणि ती धक्क्याला लावण्या-सांभाळण्याची विद्या यांची प्रस्तावना लिहायची, हे कुणाला आडवळणाचं वाटेल. मला ते सरळ वाटतं, आणि का ते सांगण्यासाठीच ही पानं आहेत.

शिडाच्या बोटींवरची बहुतेक पुस्तकं वाऱ्यापासून सुरू होतात. शीड कसं भरतं, वाऱ्याला तिरकं धरून बोट त्याच्याच दिशेला कशी चढत जाते, दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा. हे सगळं खरं आहे आणि देखणंही आहे. पण हौशी माणसाची बोट वर्षातले बहुतेक दिवस उभी असते, आणि तिचं नुकसान बहुधा उभ्याउभ्याच होतं. टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी साचतं, पंपातलं रबर एकाच घडीत आखडतं, बॅटरी उतरते, तळाला शिंपले धरतात. मग एखाद्या रविवारी बोट निघते. त्या दिवसातली सगळ्यात अवघड मिनिटं भर समुद्रातली नसतात. ती परत येतानाची, शेवटच्या शंभर मीटरांतली असतात. उभी असलेली बोट आणि थांबू पाहणारी बोट, या दोन अवस्थांचा अभ्यास हा आपला विषय. वारा त्यात येतो, पण बहुतेक वेळा अडचण म्हणून.

मराठी मुलखाला ही दृष्टी नवी नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. लढाईच्या गोष्टी त्यात आहेतच. पण समुद्र खवळण्याआधी जहाजं किल्ल्याच्या आश्रयाच्या बंदरात छावणीला आणावीत, लाकूड कुठून मिळवावं, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा घरगृहस्थीचा विचारही तितक्याच गांभीर्यानं केलेला आहे. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खाडीकाठी खडक कोरून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही पाहता येते. मुंबईत सुकी गोदी झाली ती १७५० साली. तिथल्या वाडियांनी बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे १८१७चं सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. त्याच्या दीर्घायुष्याचं सगळं श्रेय सागवानाला देऊन आपण मोकळे होतो. गेल्या शतकाच्या अखेरीला त्याच हार्टलपूलमध्ये वर्षानुवर्षं चाललेली डागडुजी मात्र कुणाला आठवत नाही. लाकूड चांगलं होतं हे खरं. पण मागे माणसं लागली नसती तर ते चांगलं लाकूड चिखलात कुजलं असतं.

कोकणातल्या मच्छीमाराला हे कुणी सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्याआधी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला होडी किनाऱ्यावर जेवढी वर घेता येईल तेवढी घ्यायची, टेकू द्यायचे, आणि झावळ्यांनी, आता ताडपत्रीनं, शाकारून ठेवायची. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडे जेमतेम दोन. त्यामुळे वसई-सातपाटीकडे जे काम चंद्र फुकटात करून देतो, त्यासाठी दक्षिणेला माणसांचे हात आणि हल्ली क्रेन लागते. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही, उतरतही नाही. त्या दिवसांत बोट वर घ्यायला गेलेला माणूस नवखा आहे हे सगळ्या कोळीवाड्याला कळतं. अमावास्या, पौर्णिमा आणि भांग यांचं हे गणित या विद्येचा पहिला पाठ. पंचांग वाशीमच्या घरातही असतंच, तेव्हा त्याची तयारी तिथेच करता येईल.

आता इंजिन. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी यंत्र १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चाललं. ठिणगी नाही, प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटेल. (हा डिझेल १९१३च्या सप्टेंबरात एका रात्री इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून नाहीसा झाला. ते जहाज वाफेवर चालत होतं.) आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं १९३३मध्ये डिझेल इंजिन तयार केलं, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६मध्ये उभी राहिली, आणि वीज पोचण्याच्या कितीतरी आधी ही यंत्रं वऱ्हाडातल्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांत धडधडू लागली. साधारण त्याच काळात, १९५०च्या दशकापासून, किनाऱ्यावरच्या मचव्यांतही इंजिनं बसत गेली आणि शिडं आखूड होत गेली. म्हणजे एकाच जातीचं यंत्र एकीकडे कारंज्याच्या विहिरीवर गेलं आणि दुसरीकडे रत्नागिरीच्या मचव्यात. वाशीमच्या वाचकाला मी अर्धा जाणकार समजतो तो यासाठी.

नमुना म्हणून ग्लँड घ्या. विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे दोरीचं पॅकिंग भरलेलं असतं. नवखा माणूस तिथून पाणी टपकताना पाहून नट करकचून आवळतो. मग शाफ्ट तापतो, पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडते. जुना फिटर दोन-चार थेंब गळू देतो, कारण पॅकिंगला तेच पाणी थंड ठेवतं. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट तळाच्या कवचातून बाहेर जातो, तिथेही असाच ग्लँड, असंच पॅकिंग आणि असाच नियम: शाफ्ट फिरताना मिनिटाला थोडे थेंब, उभ्यानं जवळपास कोरडं. फरक इतकाच, की पंपाचा ग्लँड फार गळला तर शेतात चिखल होतो आणि बोटीचा फार गळला तर ती सावकाश बुडते.

हवेचंही तसंच. डिझेल संपेपर्यंत इंजिन चालवलं की नळीत हवा शिरते आणि मग हँडल कितीही मारा, ते उठत नाही. ‘हवा धरली’ असं म्हणत फिल्टरवरचा स्क्रू सैल करणारा, हातपंप दाबत फेसाळ डिझेल बाहेर येऊ देणारा आणि बुडबुडे थांबून अखंड धार आली की पुन्हा स्क्रू आवळणारा माणूस मंगरुळपीरच्या बाजारात सहज भेटेल. बोटीतलं इंजिनही नेमकं असंच मोकळं करतात. तिथे ते काम अंगाची घडी करून, हलत्या फळीवर, तोंडात बॅटरी धरून करावं लागतं, आणि एखादा बुडबुडा राहिला तर इंजिन बंद पडण्याची जागा धक्क्यापासून दहा हातांवर असते. धुराची भाषाही तीच. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. बोटीत याचं एक कारण पंख्याला धरलेले शिंपलेही असतं, कारण मग इंजिनावर भार वाढतो. निळा धूर म्हणजे वंगण जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाण्याची वाफ होतेय, आणि तो दिसला की आधी पाठीमागे वाकून बघायचं: एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाणी पडतंय ना?

या शेवटच्या प्रश्नाशी वऱ्हाडातलं ज्ञान थांबतं आणि समुद्राचं सुरू होतं. बोटीचं इंजिन समुद्राच्याच पाण्यावर थंड होतं. तळातल्या झडपेतून पाणी आत येतं, गाळणीतून जातं (तुमच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीचीच ही बहीण), रबरी पात्यांचा छोटा पंप ते ओढतो, आणि शेवटी ते धुरात मिसळून बाहेर पडतं. हा रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, हाताच्या मुठीत मावेल एवढा असतो. त्याची पाती कोंदणात वाकलेली बसतात. सहा महिने बोट उभी राहिली की ती वाकल्या जागीच कडक होतात आणि पहिल्याच दिवशी एखादं पातं तुटतं. नवा इंपेलर बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. खरं काम त्यानंतरचं: तुटलेली पाती मोजायची आणि पुढच्या नळ्यांत शोधून काढायची. एक तुकडा जरी उष्णता-बदलाच्या नळीत अडकून राहिला तरी इंजिन पुढे महिनाभर ‘जरा गरम चालतंय’ असं वाटत राहतं, आणि मग एका दुपारी हेड वाकतं.

दुसरा धोका शेतात कधीच दिसत नाही. इंजिन उठत नाही म्हणून माणूस स्टार्टर मारत राहतो. इंजिन चालू नसलं तरी ते फिरतंय, म्हणून पंप पाणी ओढतोच. आणि ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसल्यामुळे ते सायलेन्सरमध्ये साठत जातं. तो भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा वाकतो. तेव्हा इंजिन लगेच उठलं नाही तर तळातली झडप आधी बंद करायची, मग पुढचे प्रयत्न, आणि इंजिन उठल्याबरोबर झडप पुन्हा उघडायची. उघडायला विसरलात तर इंपेलर कोरडा जळतो. मी पाहिलेल्या एका बोटीवर मालकानं इंजिनची किल्ली झडपेच्या मुठीलाच अडकवून ठेवली होती. पुस्तकांत ही युक्ती मला आढळली नाही, असायला हवी.

क्षार हा तिसरा. पितळ, कांसं, पोलाद असे वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र बुडाले की आपोआप बॅटरी तयार होते आणि त्यांतला दुबळा धातू विरघळू लागतो. म्हणून शाफ्टवर मुद्दाम जस्ताचा तुकडा लावतात, की जे काही खाल्लं जायचं ते जस्त जावो. तो अर्धा झिजला की बदलायचा. न झिजलेलं जस्त पाहून खूश होणारे मालक आहेत. त्यांना सांगावं लागतं, की त्याचा तारेशी किंवा शाफ्टशी संपर्क तुटलाय आणि त्याच्या वाट्याचं दुसरंच काहीतरी झिजतंय. पितळी झडपेला गुलाबी छटा आली असेल तर तिच्यातलं जस्त गेलेलं आहे. तिला लाथ मारून पाहू नका, ती बोटीच्या तळाला आहे.

बोट धक्क्याला लावण्यावर पुढे बरीच पानं आहेत, म्हणून इथे थोडक्यात. बोटीला ब्रेक नसतो. सुकाणू काम करतं ते त्याच्यावरून पाणी वाहत असतं तोवरच. वेग उतरला की सुकाणूही गेलं, आणि मग डोलकाठीवर आदळणारा वारा बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हवी तिकडे फिरवतो. जुन्या, लांब कीलच्या (तळाच्या कण्याच्या) बोटी सरळ रेषेत मोठ्या समजूतदारपणे चालतात आणि रिव्हर्समध्ये कुणाचंच ऐकत नाहीत. त्यात पंख्याची खोड असते. पुढे जाताना उजवीकडे फिरणारा पंखा रिव्हर्सला बोटीची पिछाडी डावीकडे ओढतो. नवशिका याला दोष समजतो. जाणता माणूस बोटीची डावी कूस धक्क्याकडे ठेवून थोडं तिरकं येतो, रिव्हर्स देतो, आणि पिछाडी आपणहून धक्क्याला चिकटते. खाडीत ओहोटीचा प्रवाह असेल तर नेहमी प्रवाहाच्या तोंडावर यायचं, म्हणजे जमिनीच्या मानानं वेग शून्य असतानाही सुकाणूवरून पाणी वाहत राहतं. वेळही पाहायची. कोकणात पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो आणि दुपारी खारा वारा समुद्राकडून जोर धरतो. दुपारी तीन वाजता धक्क्याला लागायची घाई करणाऱ्याला काहीतरी फार महत्त्वाचं काम असलं पाहिजे.

एकच दोर आधी बांधायचा झाला तर तो कोणता? बहुतेकांचा हात पुढच्या दोराकडे जातो. तो बांधला की नाळ अडकते, पिछाडी वाऱ्यानं बाहेर फिरते आणि बोट धक्क्याला काटकोनात उभी राहते; मग आरडाओरडा. बोटीच्या मध्यावरून निघून धक्क्यावर मागच्या अंगाच्या खुंटाला जाणारा दोर आधी टाकायचा. तो ताठ झाला की गिअर पुढे, इंजिन अगदी मंद, सुकाणू धक्क्यापासून बाहेरच्या बाजूला. बोट पुढे जाऊ पाहते, दोर जाऊ देत नाही, आणि ती सबंध लांबीनं धक्क्याला टेकून तशीच राहते. उरलेले दोर मग चहा पिऊन बांधले तरी चालतील. मुंबईत ही चैन फारशी मिळत नाही, कारण तिथल्या बहुतेक बोटी धक्क्याला लागतच नाहीत. गेटवेसमोर खोल पाण्यात बांधलेल्या असतात आणि माणसं छोट्या होडीनं ये-जा करतात. बांधायला तरंगते धक्के असलेली मरीना आपल्या किनाऱ्यावर दुर्मीळच. कोचीला बोलगट्टी बेटावर एक आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांतला निम्मा उपदेश आपल्याकडे तसाच्या तसा लागू होत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी या विद्येत काय केलं, याचं उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यात फलटणजवळच्या विंचुर्णीचं. भारतीयानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना नौदलाकडे लावून धरणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी या कोरडवाहू गावात राहत होते. २०१८मध्ये त्यांचं निधन तिथेच झालं. त्या कल्पनेतून ‘म्हादेई’ झाली. ५६ फुटांची ही बोट गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली आणि २००९मध्ये पाण्यात उतरली. कमांडर दिलीप दोंदे ती बांधली जात असताना तिच्याबरोबर होते. २००९-१०मध्ये फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे थांबे घेत त्यांनी प्रदक्षिणा पुरी केली. ते निघाले तेव्हा बोटीतली प्रत्येक नळी कुठून कुठे जाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते त्या सफरीचा निम्मा अभ्यास दिवाडीलाच झाला होता. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. तिची बहीण ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन २०१७-१८मध्ये जग फिरली. परतीच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून तिला मॉरिशसला थांबावं लागलं. त्याआधी १९८५-८७मध्ये लष्कराच्या चमूनं ‘तृष्णा’तून प्रदक्षिणा केली होती. ती ३७ फुटांची बोट नवी नव्हती, इंग्लंडात विकत घेतलेली वापरलेली होती. जुन्या बोटीच्या अभ्यासकाला म्हणून ‘तृष्णा’ मला जास्त जवळची वाटते.

या क्षेत्रात मतभेद पुष्कळ आहेत. इंजिन दर आठवड्याला थोडा वेळ चालवावं असं एक मत. त्याला उत्तर असं, की भार न देता दहा मिनिटं फिरवलेलं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी धरतं आणि वंगणात ओल सोडतं. चालवायचं तर धक्क्याला पक्कं बांधून, गिअर टाकून, अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पॅकिंगच्या ग्लँडऐवजी न गळणारा रबरी सील बसवावा का, याबाबत मी जुन्याच्या बाजूचा: पॅकिंग बिघडताना आधी सांगतं, रबर सांगत नाही. जुनं इंजिन दुरुस्त करावं की बदलावं, हा प्रश्न बहुधा सुट्या भागांशी येऊन थांबतो आणि त्याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांनी नायजेल काल्डर यांचं सागरी डिझेल इंजिनावरचं पुस्तक जरूर पाहावं. इतिहासासाठी भा. कृ. आपटे यांचा मराठा आरमारावरचा ग्रंथ अजूनही पहिला हाताशी लागतो.

हात घालून शिकायचं असेल तर आयटीआयचा डिझेल मेकॅनिक हा ट्रेड पाया म्हणून उत्तम. तो समुद्राजवळच करायला हवा असं नाही. किनाऱ्यावर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रं आहेत. तिथे मच्छीमार तरुणांना नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. त्या अभ्यासक्रमाची पुस्तिका मिळाली तर पुढचं पहिलं प्रकरण वाचण्याआधी ती वाचा. आणि प्रत्यक्ष पाहायला जायचं तर डिसेंबरातल्या सहलीत जाऊ नका. तेव्हा बोटी पाण्यात असतात आणि पाहण्यासारखं सगळं पाण्याखाली असतं. जून उलटल्यावर, नारळी पौर्णिमेच्या आत जा. सातपाटी, वर्सोवा, हर्णै, मालवण, कुठेही चालेल. बोटी वर घेतलेल्या असतात, पंखे उघडे असतात, शाफ्ट काढून ठेवलेले असतात, आणि पावसानं अडकलेल्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, बोलायला वेळ असतो. विहिरीवरच्या इंजिनाच्या गोष्टीपासून सुरुवात करा.